सातवी मडम

माझे मामंजी, म्हणजे सासरे, रोज अंघोळ करून तासभर पूजा करत, एकादशीला पाण्याशिवाय काही घेत नसत, आणि तरी त्यांच्या चित्रांच्या वहीत देव एकही नव्हता. होत्या त्या सगळ्या मडमा, आणि त्याही अकराच. संच बाराचा होता आणि त्यातली सातवी काही केल्या मिळत नव्हती. तिच्या शोधात माझ्या हातून जे घडलं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. आता सांगते. मला बोल लावणारी माणसं राहिली नाहीत, आणि मी स्वतःला लावायचे तेवढे लावून घेतले आहेत.

प्लेगाच्या आधीची ही गोष्ट. आम्ही गिरगावात एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मामंजी कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका कापडाच्या वखारीत कारकून होते. विलायतेहून कापडाचे तागे यायचे आणि प्रत्येक ताग्यावर पंज्याएवढं रंगीत तिकीट डकवलेलं असायचं. गिऱ्हाइकाला वाचता येवो न येवो, ‘मोराचा तागा द्या’, ‘हत्तीचा द्या’ असं म्हणता आलं की झालं. तागा फाडला की तिकिटाचं काम संपलं. पण रंग असे देखणे की टाकवायची नाहीत, म्हणून वखारीतले निम्मे लोक ती घरी न्यायचे.

रविवारी दुपारी मामंजींचे चार-पाच स्नेही आपापली तिकिटं घेऊन आमच्या गॅलरीत जमायचे. मग अदलाबदल सुरू. एका लक्ष्मीला दोन मुरलीधर, एका शेषशायीला तीन मारुती, असा भाव चालायचा. मडमांना भावच नव्हता. त्या वर घालायच्या, भाजीवर कोथिंबीर घालतात तशा. ही तिकिटं मांजरपाटाच्या ताग्यांवर यायची, आणि मांजरपाट म्हणजे जाडंभरडं कापड, गिरणीतल्या लोकांनी नि कोळ्यांनी घ्यायचं. बारा चित्रं, कोपऱ्यात आकडा, भोवती हिरव्या वेलाची चौकट आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक अननस. स्नेही हसायचे. या वयात मडमा कसल्या गोळा करता म्हणायचे. सासूबाई तर वही दिसली की भांडी जरा जोरातच ठेवायच्या.

मामंजींचं म्हणणं वेगळं होतं. मी ते दाराआडून ऐकलं आणि तेव्हापासून हा माणूस मला आवडला. ते म्हणाले, विलायतेतल्या चिताऱ्यानं देव कुठं पाहिलेत? त्याच्या गणपतीची सोंड बघा, नळाला बसवायची रबराची नळी. कृष्णाच्या गाईला वशिंड नाही. सरस्वती वीणा धरते ती पोळपाट धरल्यासारखी. ज्यानं जे पाहिलं असेल तेच त्याला काढता येतं, आणि मडमा त्यानं पाहिल्यात. त्यांच्या झग्याची चुणीसुद्धा खोटी नाही. स्नेही म्हणाले, तुम्हाला कोण जिंकणार? आणि एका गजान्तलक्ष्मीवरून पुन्हा भांडायला लागले.

आता मी मुळात तोंडाळ. माहेरी मला बडबडी म्हणत. तिसरी इयत्ता शिकले होते आणि त्याची घमेंडही होती. सासरी आले आणि तोंडाला कुलूप लागलं. मामंजींसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि त्यांच्याशी बोलणं तर नाहीच. पण तिकिटं कापडावरून सोडवायला वाफ लागते, आणि वाफ माझ्या राज्यात, म्हणजे भाताच्या तपेल्यावर. मामंजी तिकीट चिकटलेला कापडाचा तुकडा उंबऱ्यापाशी ठेवून जायचे. मी झाकण सरकवून तो वाफेवर धरायची, खळ सुटली की चित्र अलगद उतरायचं. मग ते पाटावर वाळत ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, भाताला मडमेचा वास येतो.

माझी मुलगी झाली आणि आमची अडचण सुटली. मामंजी पाळण्याशी येऊन म्हणायचे, ‘बाळे, आईला विचार, या चित्रात काय दिसतं?’ आणि मी पाळण्याची दोरी ओढत म्हणायची, ‘बाळे, आजोबांना सांग हो.’ त्या पोरीच्या कानांतून आम्ही दोन वर्षं बोललो. तिला काय कळत होतं कुणास ठाऊक, अधूनमधून हुंकार द्यायची.

आणि बोलायला काय थोडं होतं? दुसरी मडम दोन चाकांवर बसलेली, ती एकदम कळली. पण चौथी! तिच्या बुटांना खाली सुऱ्या बांधलेल्या आणि ती आरशासारख्या जमिनीवर एका पायावर उभी. आमचे तीन दिवस त्यात गेले. मी म्हटलं, शिक्षा दिली असेल. मामंजी म्हणाले, मग हसते कशी? अकरावीचं डोकं काळ्या फडक्यात आणि पुढ्यात तीन पायांची पेटी. कुणीतरी गेलं म्हणून तोंड झाकून रडत असेल असं मी ठरवून टाकलं. माझे यजमान कामावरून आले आणि म्हणाले, अगं, ती फोटो काढते आहे. नवव्या चित्रात मडमेच्या टोपीवर, खांद्यांवर, झाडांवर सगळीकडे पांढरं पांढरं उडत होतं. आम्ही दोघांनीही एका तोंडानं सांगितलं की ही परळची गिरणी असावी, कापूस उडतोय. गिरणीतून सुटलेली माणसं तशीच दिसायची की! तो बर्फ होता हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि तेव्हा सांगायला मामंजी नव्हते.

सातवीत काय असेल, हा आमचा रोजचा खेळ झाला होता. मी म्हणायची झोपाळ्यावर असेल. मामंजी म्हणायचे, पोपट घेऊन असेल. यजमान मैदानावरची सर्कस बघून आलेले, ते थट्टेनं म्हणाले, सिंहाला चाबूक दाखवणारी असेल, आमच्या सर्कशीतल्यासारखी. मामंजींनी ते मनावर घेतलं नाही. पण त्यांना एका गोष्टीचं नवल वाटायचं. बाकी अकरा मडमा कुणी फुकट घेईना, इतक्या मिळायच्या. मग सातवीच कुठं जात होती? सातवीचे तागे असलेले गठ्ठे दुकानदार वखारीत न फोडताच उचलायचे. म्हणजे चित्र होतं. कुणीतरी ते ठेवून घेत होतं.

त्याच वर्षी त्यांचे डोळे जायला लागले. आधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, मग बाजूचं दिसेनासं झालं. डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता, हे ते नव्हे. फार तर दिवाळीपर्यंत दिसेल. सासूबाई रडल्या. मामंजींनी नोकरी सोडली, वही मांडीवर घेतली आणि पाळण्याकडे तोंड करून म्हणाले, ‘बाळे, दिवाळीच्या आत सातवी मिळाली पाहिजे बरं का.’ घरात कुणाला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं. त्या माणसाला आयुष्यात बाकी काही मागताना मी पाहिलं नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या आणि आमची कोळीण पुन्हा दारावर यायला लागली. माझगावच्या कोळीवाड्यातली, घोडपदेवाच्या अलीकडची. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर ती येण्याआधी तिची पापलेटं आलेली कळायची. त्या दिवशी मी मडमांची तिकिटं गॅलरीत उन्हाला मांडली होती, पावसाळ्याची ओल जावी नि कसर लागू नये म्हणून. तिनं पाटी उतरवली, वाकून बघितलं आणि हात ओले म्हणून पाठीमागे घेतले.

‘बाय, ही फळं आमच्या आईच्या डोईवर हायेत,’ ती म्हणाली.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. काही वर्षांमागं तिच्या नवऱ्याची होडी वादळात तीन दिवस सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिच्या दिरानं शिडासाठी मांजरपाटाचा तागा आणला, आणि ताग्यावर कोण? आई, वाघासकट. चौथ्या दिवशी होडी आली. तेव्हापासून आई तिच्या देव्हाऱ्यात भिंतीला डकवलेली, रोज हळदकुंकू, रोज फूल. एकट्या तिच्याकडेच नव्हे, त्यांच्या कोळीवाड्यात पाच-सहा घरांत होती, आणि घोडपदेवच्या चाळींतूनही. मी मनात हात जोडले. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा. सगळ्या मुंबईनं ज्या मडमा फुकट घेतल्या नाहीत, त्यांतली एक देवी होऊन बसली होती.

इथं मी चुकले. मी आत जाऊन मामंजींना सांगायला हवं होतं. दोन पावलांवर तर बसले होते. पण मला वाटलं, चित्रच आणून हातात द्यावं, मग घरात माझं नाव निघेल. तेव्हा मला कौतुकाची भूक होती, खोटं कशाला बोलू?

मी कोळणीला मागितलं. ती हसली आणि मासे निवडत राहिली. दुसऱ्या खेपेला मी माझं एक चांगलं लुगडं देऊ केलं. तिनं ते हातानं चाचपून परत केलं आणि आईला कोण देतं का, एवढंच म्हणाली. तिसऱ्या खेपेला मी गॅलरीतला भाव काढला. तुझ्या आईच्या बदली याहून मोठी लक्ष्मी देते, चार हातांची, हत्तींसकट, वर दोन मारुती घे. मला तो भारी सौदा वाटत होता. रविवारचे सगळे म्हातारे त्यावर तुटून पडले असते.

तिनं पाटी डोक्यावर घेतली. ‘तुजी आई बदलून दुसरी देते,’ ती म्हणाली, ‘घेशील?’

त्यानंतर ती यायची थांबली. पंधरवडा गेला, महिना गेला. सासूबाई बाजारातल्या मासळीला नावं ठेवत होत्या. रोज वाटायचं उद्या येईल, मग मी नीट बोलेन, मग आणीन. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत. आणि एका दुपारी मामंजी वही उघडून बसले होते, चौथ्या मडमेच्या पानावर बोट फिरवत होते. मी बघितलं तर वही उलटी. आणि ते पाळण्याला विचारत होते, ‘बाळे, आज एवढं मळभ का आलंय?’ बाहेर आश्विनातलं ऊन भाजत होतं.

मला तिथं उभं राहवेना. पोरीला कडेवर घेतलं आणि तिच्या आडून सगळं सांगितलं, नुसतं कधी कळलं ते तेवढं गाळलं. मामंजींनी वही मिटली. मग म्हणाले, जायचं. सासूबाई म्हणाल्या, कोळ्याच्या घरी? यजमान म्हणाले, आता जाऊन काय उपयोग?

मी मासळीबाजारात जाऊन कोळणीला शोधलं. माफी मागितली, ती तिनं मासे कापता कापता ऐकली. मामंजींच्या डोळ्यांचं सांगितलं तेव्हा कोयता थांबला. ती म्हणाली, देणार नाही. पण बघायला कधी नाही म्हटलं होतं? आईच्या दर्शनाला कुणीही यावं. मी तिथं चिखलात उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली. तीन खेपांत मी मागितलं होतं, बदलून घ्यायला बघितलं होतं. बघायला येऊ का, एवढं विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. चित्र म्हणजे मिळवायची वस्तू, हेच डोक्यात.

रविवारी सकाळी भाड्याची घोडागाडी करून मी नि मामंजी निघालो. पोरगी थोडी अंगानं तापली होती, तिला सासूबाईंजवळ ठेवलं. यजमान आले, पण रुसून गाडीतच बसून राहिले. कोळणीच्या घराबाहेर जाळी वाळत होती. मी मामंजींचं मनगट धरून त्यांना जाळ्यांमधून नेलं. याआधी मी त्यांना कधी हात लावला नव्हता. कोळणीनं सारवलेल्या जमिनीवर पाट टाकला, नवऱ्याला बाहेर पिटाळलं आणि समई पुढं ओढली.

देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात होता. दोन अननस, हिरवी वेल, हळदीनं पिवळी पडलेली. आणि मधे ती. मी बघितलं. यजमानांनी थट्टेत सांगितलेली तीच. सर्कसवाली.

‘काय दिसतं?’ मामंजींनी विचारलं. तोंड देव्हाऱ्याकडे होतं, पण डोळे भलतीकडे. सवयीनं मी पोरीला शोधलं. पोरगी घरी. मध्ये कुणी नव्हतं. शेजारी कोळीण पदर खोचून उभी होती, कान देऊन. खरं सांगितलं तर तिची आई जाते. देवी आहे म्हटलं तर त्या म्हाताऱ्याची सातवी मडम जाते, आणि त्याच्यापाशी तेवढंच राहिलं होतं.

मग मी जे दिसतं ते सांगायला लागले. नाव कशाचंच घेतलं नाही. ‘मामंजी, लाल झगा आहे, सोनेरी गोंड्यांचा. पायांत गुडघ्यापर्यंत काळे बूट. केस मोकळे, पिंगट. डावा हात सिंहाच्या आयाळीत आहे. उजव्या हातात एक लांब दोर, त्याचा फटकारा वर गेलेला.’

‘नाग हाय तो आईचा,’ कोळीण म्हणाली.

‘हो,’ मी म्हटलं, ‘वर जाऊन त्याचं वेटोळं झालंय.’

मामंजींच्या कपाळावरची आठी हलली. त्यांना कळलं. मला भीती वाटली की आता ते तो शब्द बोलणार. यजमानांनी म्हटल्यावर सिंहवालीला त्यांनी हसण्यावारी नेलं होतं, आणि आता बरोबर तेच निघालं होतं. पण त्यांनी विचारलं, ‘सिंह कसा आहे?’

मी वाकून बघितलं. सिंहाच्या अंगावर कुंकवाचे थर होते, तोंड तेवढं उघडं. ‘दमलेला आहे,’ मी म्हटलं. ‘जबडा उघडा आहे, पण डोळे झोपेला आलेत. त्याला तिची भीती नाही नि तिला त्याची नाही. रोजची ओळख असावी.’

‘मग चिताऱ्यानं दोघांना पाहिलंय,’ मामंजी म्हणाले. थोड्या वेळानं हळूच त्यांनी विचारलं, ‘कोपऱ्यात आकडा?’ कोपरा कुंकवानं बुजला होता. खरडल्याशिवाय दिसला नसता. मी तसं सांगितलं. कोळीण देव्हाऱ्याच्या जरा पुढं सरकली. मामंजी म्हणाले, असू दे. आणि त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते मी कधी विचारलं नाही. कोळणीनं कागदाच्या पुडीत चिमूटभर कुंकू बांधून त्यांच्या हातात दिलं.

परतताना यजमान पुढं गाडीवानाशेजारी बसले. भायखळा आला तेव्हा मामंजी म्हणाले, ‘तुला कधी कळलं होतं?’

थेट मला. मीही थेट सांगितलं, ‘नारळी पौर्णिमेनंतर.’

त्यांनी बोटांवर मोजलं. ‘तेव्हा मला दिसत होतं,’ ते म्हणाले.

त्यापुढं गिरगाव येईपर्यंत ते बोलले नाहीत. मी पदर तोंडात धरून रडले. आवाज करायचा मला हक्क नव्हता. घरी आल्यावर त्यांनी वहीतलं सातवं पान उघडायला लावलं. कोरं होतं, नुसता आकडा घातलेला. कुंकवात खळ कालवून त्यांनी बोटानं पानाच्या मधोमध एक टिकली काढली आणि ती वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधी बोलणार नाहीत. पाळण्यापाशीही येईनासे झाले.

पुढच्या रविवारी स्नेही जमले. मी आत भात टाकला होता. वही एकाच्या हातात गेली आणि सातव्या पानावर थांबली. हे काय, म्हणून विचारणा झाली. मामंजी म्हणाले, सातवी. मिळाली नाही, पण मी जाऊन बघून आलो. कुणीतरी खोकलं. आंधळा माणूस बघून आला म्हणतो, यावर काय बोलायचं? मामंजी सांगू लागले. लाल झगा, सोनेरी गोंडे. डावा हात आयाळीत. सिंह असा दमलेला की जबडा उघडा आणि डोळे झोपेला आलेले. रोजची ओळख असावी दोघांची. माझा शब्द न् शब्द. त्यांतला एक हसून म्हणाला, म्हणजे सर्कसवाली की! मामंजी म्हणाले, तिच्या घरी ती आई आहे, माझ्या वहीत सात नंबर. दोन्ही खरं.

मग ते मधेच अडले. गॅलरीत सगळे थांबले. मी भाताचं झाकण हातात धरून तशीच उभी.

‘सूनबाई,’ मामंजींनी सगळ्यांदेखत हाक मारली, ‘बूट कुठपर्यंत होते म्हणालीस?’

मी स्वयंपाकघराच्या दारात आले. ‘गुडघ्यापर्यंत, मामंजी,’ मी म्हटलं, ‘काळे.’